मुशीभोवतीचे साक्षीदार

श्रीलंकेतल्या जाफन्याकडच्या तमिळ घरात लग्नाआधी एक विधी होतो, त्याला पोन्नुरुक्कु म्हणतात. पोन् म्हणजे सोने आणि उरुक्कु म्हणजे वितळवणे. चांगला दिवस पाहून नवऱ्या मुलाच्या घरी सोनाराला बोलावतात. समई, पाण्याने भरलेला कलश, हळदीचा गणपती, विड्याची पाने, नारळ अशी मांडणी असते आणि तिच्यासमोर सोनार आपली शेगडी, मूस आणि चिमटा घेऊन बसतो. घरातले वडीलधारे सोन्याचे एक नाणे त्याच्या हाती देतात. नाणे मुशीत पडते, वरून चिमूटभर टाकणखार पडतो आणि सोनार जाळ धरतो. थोडा वेळ काहीच होत नाही. मग नाण्याची कड मऊ पडते, त्यावरचा राजाचा किंवा राणीचा चेहरा आत खचतो, अक्षरे पुसली जातात आणि पाहता पाहता सगळ्याचा मिळून एक थेंब होतो, पाऱ्यासारखा थरथरणारा, किंचित हिरवट झाक असलेला. निवालेली गोळी तबकात ठेवून जमलेल्या सगळ्यांना दाखवतात. याच सोन्यातून ताली घडायची असते. आपल्याकडे जे स्थान मंगळसूत्राचे, तेच तिकडे तालीचे. जाफन्यात ती जाड सोन्याच्या साखळीत ओवतात आणि त्या सगळ्याला मिळून ताली-कोडी म्हणतात. हा विधी झाला की लग्न लागेपर्यंत नवरा-नवरीने एकमेकांसमोर यायचे नाही, अशी रीत आहे. म्हणजे लग्नाची सुरुवात भटजीच्या मंत्राने होत नाही, सोनाराच्या जाळाने होते.

जुलै १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर श्रीलंकेतले तमिळ लाखांच्या संख्येने देशाबाहेर पडले. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळ दोन होड्यांमध्ये १५५ तमिळ निर्वासित सापडले, तेव्हा त्या देशाला या लोकांची पहिली मोठी ओळख झाली. आज टोरांटोचा स्कारबरो भाग, लंडनमधले ईस्ट हॅम आणि टूटिंग, पॅरिसचा ला शापेल या ठिकाणी जाफन्याची बोली कानावर पडते, देवळांचे रथ रस्त्यावर निघतात आणि सोन्याच्या पेढ्या चालतात. परदेशी आलेल्या माणसांचे पुष्कळ काही सुटते. शेती सुटते, गावदेवी सुटते, तिथीवार पाळायला रजा मिळत नाही, लग्न शनिवार-रविवारी येते. तरीही पोन्नुरुक्कु टिकला आहे. टोरांटोतल्या घरात कोळशाची शेगडी पेटवता येत नाही, धुराचा भोंगा वाजायला लागेल. म्हणून गॅसची बत्ती येते, पण मूस येते, नाणे येते आणि सोनारही येतो. इतके सगळे गाळल्यावर हेच का ठेवले, हा प्रश्न मला धर्मविचारातला मोठा प्रश्न वाटतो. कारण त्यातून दुसरा प्रश्न निघतो: तालीचे पावित्र्य नेमके कशात आहे? धातूत आहे, मंत्रात आहे, की गळ्यात बांधण्याच्या क्रियेत? माझे म्हणणे असे की ते या तिन्हींच्या आधी आहे. एखादी वस्तू आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत घडू लागली, तिचा जन्म सगळ्यांनी पाहिला, यात ते आहे. पोन्नुरुक्कु हा त्या पाहण्याचा विधी आहे.

यावर पहिला आक्षेप रोखठोक आहे. लोक सोनाराच्या समोर बसून सोने वितळताना पाहत, कारण त्यांचा सोनारावर विश्वास नव्हता. डोळा चुकला की भेसळ झाली. भीतीची सवय पुढे पूजा म्हणून मिरवू लागली, बाकी काही नाही. या आक्षेपाला तमिळ परंपरेत मोठा आधार आहे. ‘शिलप्पदिकारम’ या महाकाव्याची सगळी कथा एका सोनाराच्या खोटेपणावर उभी आहे. कोवलन आपल्या बायकोचे, कण्णगीचे, एक पैंजण विकायला मदुरेत जातो. पांड्य राणीचे पैंजण ज्याने स्वतःच लांबवले आहे असा राजदरबारचा सोनार त्याला चोर ठरवतो आणि राजा चौकशी न करता कोवलनला मारवतो. कण्णगी दरबारात येते. राणीच्या पैंजणात मोती भरलेले आणि तिच्या पैंजणात माणके. ती आपले पैंजण फोडते, माणिक बाहेर उडते आणि राजाला आपला अन्याय कळतो. पुढे कण्णगीच्या शांतीसाठी नव्या पांड्य राजाने हजार सोनारांचा बळी दिल्याचे त्याच काव्यात येते. एका माणसाच्या पापासाठी हजारांचे रक्त! ज्या समाजाने ही कथा शतकानुशतके सांगितली, ज्याच्यात कण्णगी देवी झाली आणि लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर आजही पुजली जाते, त्याच्या मनात सोनाराविषयी संशय नव्हता असे कोण म्हणेल?

तरी हा आक्षेप पुरा पडत नाही, आणि तो का पडत नाही हे परदेशातल्या तमिळांकडे पाहिले की कळते. ब्रिटनमध्ये १९७३ चा हॉलमार्किंगचा कायदा आहे. एक ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा दागिना सोन्याचा म्हणून विकायचा तर त्यावर तपासणी कार्यालयाचा शिक्का लागतो. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा उमटलेला असतो. भेसळीची जी भीती, तिचा बंदोबस्त सरकारने केला आहे. पोन्नुरुक्कु जर निव्वळ तपासणी असती, तर शिक्का आल्यावर ती गळून पडायला हवी होती, जसे घरोघरचे कसोटीचे दगड गळून पडले. ती गळाली नाही. ज्या लंडनमध्ये सोन्याची शुद्धता यंत्र सांगते, तिथेही माणसे मुशीभोवती जमतात. तिथे ती काय तपासत असतील? आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वितळताना पाहून शुद्धता कळत नाहीच. तांबे मिसळलेले सोनेही असेच वितळते, असेच चकाकते. शुद्धता कसाला लावून कळते, तेजाबाने कळते. तेव्हा पाहणारा माणूस जे पाहत होता ते शुद्धतेपेक्षा वेगळे काहीतरी होते. संशयाने या विधीला धार दिली असेल, पण त्याचा गाभा संशयाचा नाही.

गाभा शोधायचा तर मुशीत काय पडते ते आधी पाहू. पडते ते नाणे. जाफन्याकडे सोने पवुनात मोजतात आणि हा शब्द सरळ इंग्रजी पौंडावरून आला आहे. इंग्रजी सॉव्हरिन साधारण आठ ग्रॅमचा, बावीस कॅरटचा, एका अंगाला राजा किंवा राणी. आपल्याकडे पुतळ्यांची माळ करताना नाण्याचे नाणेपण दागिन्यात राखले जाते, चेहऱ्यासकट ते गळ्यात येते. जाफन्याचा विधी उलटा आहे. तिथे नाणे नाणे राहिले तर चालत नाही. ज्या चेहऱ्यामुळे त्याला बाजारात किंमत आहे, ज्यामुळे ते कोणाचेही होऊ शकते, तो चेहरा आधी जायला हवा. नाणे ही वस्तूंमधली सर्वांत बेनावाची वस्तू आहे; ते कोणाच्या हातून आले आणि कोणाकडे जाणार याची खूण त्यावर नसते, आणि तोच त्याचा उपयोग. ताली ही याच्या अगदी दुसऱ्या टोकाची वस्तू. ती एकाच बाईची असते, ती उसनी देत नाहीत, घरातले सगळे सोने गहाण पडले तरी ती शेवटपर्यंत गळ्यात राहते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मध्ये एक क्षण असा येतो की सोने नाणेही नाही आणि तालीही नाही. पोन्नुरुक्कु तो क्षण लोकांसमोर आणतो. सोने बाजारातून बाहेर पडते, ते या थेंबाच्या रूपाने.

इथे वेदान्ताचा जुना दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीची सगळी भांडी कळतात, तसेच सोन्याचे. घडवलेला आकार हा बोलण्यापुरता आहे, खरे ते मूळ द्रव्य. या नजरेने पाहिले तर पोन्नुरुक्कु हा वैराग्याचा पाठ ठरेल: नाणे खोटे, ताली खोटी, सोने तेवढे खरे. पण लग्नाच्या घरात, सोन्याचा आकारच घडवायला बोलावलेल्या माणसासमोर, आकार खोटे आहेत असे कोणी शिकवायला बसेल हे मला पटत नाही. शिवाय जाफन्याच्या तमिळांचे तत्त्वज्ञान अद्वैत नाही, शैव सिद्धान्त आहे. एकोणिसाव्या शतकात नल्लूरच्या आरुमुग नावलरांनी (१८२२–१८७९) शाळा काढून, ग्रंथ छापून ते तिथल्या घराघरात पक्के केले. शैव सिद्धान्तात जग मायेचा खेळ म्हणून उडवून लावलेले नाही. पती, पशू आणि पाश, म्हणजे शिव, जीव आणि बंध, तिन्ही खरे आणि अनादी. जिवाला मळ कसा चिकटला आहे हे सांगताना सिद्धान्ती तांब्यावरच्या कळकाचा दाखला देतात. कळक बाहेरून आला नाही, तांब्याबरोबरच आहे, आणि तो जायला शिवाची कृपा लागते, जसे किमयागाराच्या गुळीने तांब्याचे सोने व्हावे. धातूचे बदलणे हे त्यांना खरे बदलणे वाटते. आधी जे नव्हते ते नंतर होते, आणि झालेले खोटे नसते.

आपल्या ज्ञानदेवांकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या अंगाने दिसते. ‘चांगदेवपासष्टी’त त्यांनी सोन्याचा आणि दागिन्याचा दृष्टान्त घेतला आहे, पण दागिन्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. दागिना झाला म्हणून सोन्याचे काही बिघडले नाही, ते दागिन्याच्या रूपाने मिरवले, असा त्यांचा रोख आहे. आकार हा द्रव्याचा अपमान नाही, विलास आहे. ज्ञानदेव अद्वैती, जाफन्याचा शैव द्वैताकडे झुकलेला, पण मुशीपाशी दोघे शेजारी बसू शकतील असे मला वाटते. सोने वितळवायचे ते आकार फोल आहे हे दाखवायला नव्हे. नवा आकार जुन्यावर नुसता चढवलेला नसावा, मुळापासून आलेला असावा, म्हणून वितळवायचे. जुन्या दागिन्याला डाग देऊन, कडी बदलूनही ताली करता येईल. वजन तेवढेच भरेल. पण तिला जन्म असणार नाही, दुरुस्ती असेल.

आता कोणी विचारील, माणसांनी पाहिल्याने सोन्यात काय फरक पडतो? १०६४ अंशाला शुद्ध सोने वितळते, कोणी पाहो न पाहो. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर असे की सोन्यात काहीही फरक पडत नाही. पण एखादे वचन एकट्याने खोलीत उच्चारले आणि तेच चार माणसांत उच्चारले, तर शब्दांतही फरक पडत नाही, तरीही दुसऱ्याला वचन म्हणतात आणि पहिल्याला मनोराज्य. फरक शब्दाबाहेर, माणसांमध्ये पडतो. आपण लग्नाला ‘अग्निसाक्षीने’ म्हणतो ते याच अर्थाने. होमाचा अग्नी काही करत नाही, तो असतो आणि पाहतो. जाफन्याच्या लग्नात त्या अग्नीच्या आधी हा दुसरा अग्नी आलेला असतो, आणि पाहण्याची साखळी पुढे चालू राहते. लग्नाच्या दिवशी बांधण्याआधी ताली तबकात ठेवून मांडवभर फिरवतात, वडीलमाणसे तिला हात लावून आशीर्वाद देतात. मग गेट्टिमेळम, नादस्वर आणि तविलचा एकच कल्लोळ, आणि त्यात ताली बांधली जाते. तेव्हा आवाज इतका असतो की मंत्र कोणाला ऐकू येत नाही, पण बांधणे सगळ्यांना दिसते. तिन्ही जागी तेच सूत्र आहे: मुशीत पाहिले, तबकात पाहिले, गळ्यात पाहिले.

हे मान्य केले तर सोनार कोण, हा प्रश्न येतो. तमिळमध्ये त्याला तट्टार म्हणतात, पत्तर म्हणतात, मानाने आसारी म्हणतात. लोहार, सुतार, कासार, पाथरवट आणि सोनार हे पाच मिळून कम्माळर. ते स्वतःला विश्वकर्म्याच्या पाच मुलांचे वंशज मानतात, जानवे घालतात. पौरोहित्यावर ते जो हक्क सांगतात, तो निव्वळ जातीचा अभिमान नाही, त्यामागे कामाचा पुरावा आहे. देवळात मूर्तीचे डोळे उघडतो तो शिल्पी. पुजारी नंतर येतो. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांचा जन्म १८७७ चा, कोलंबोचा, वडील तमिळ. १९०८ च्या ‘मिडिव्हल सिंहलीज आर्ट’ या ग्रंथात त्यांनी कारागिराच्या हातच्या नेत्रमंगलाचा, म्हणजे डोळे उघडण्याचा, विधी तपशिलाने नोंदवला. अलंकार या शब्दात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, पुरते, हा अर्थ आहे आणि अलंकार मुळात शोभा नव्हे तर वस्तू पुरी करणारी गोष्ट, हेही त्यांनी १९३९ च्या निबंधात दाखवून दिले. मुलाचे कान टोचायचा विधी, कादुकुत्तु, तमिळ घरात मामाच्या मांडीवर बसवून आसारीच्या हातून होतो, मलेशियात आणि सिंगापुरातही. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण आता उपदेशाच्या अर्थाने वापरतो, पण तिच्या पोटात तोच जुना अधिकार आहे. आणि ज्याला हा अधिकार दिला त्याला पंगतीत मात्र बरोबरीने बसवले नाही. जाफन्याच्या जातिव्यवस्थेत तट्टार वेल्लाळांच्या, म्हणजे वरचढ शेतकरी जातीच्या, खालीच राहिला. लग्नाला पहिला अग्नी ज्याने दिला त्याचे नाव पत्रिकेवर नसते. या विधीतला हा अन्याय झाकून विधीची थोरवी गाता येणार नाही, आणि साक्षीचा विचार खरा मानायचा तर पहिल्या साक्षीदाराला मांडवात पुढची जागा द्यावी लागेल.

दुसरा एक आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ताली सोन्याची असतेच असे नाही. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधले तरी ती ताली होते, आणि लाखो तमिळ बायकांची ताली तीच होती. मलायाच्या रबराच्या मळ्यांत, लंकेच्या चहाच्या मळ्यांत कंगाणीच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मागे गेलेल्या मजुरांकडे वितळवायला नाणे कुठले? मग त्यांचे लग्न अपुरे झाले काय? अपुरे झाले असे म्हणण्याची कोणाची हिंमत नाही, आणि म्हणूनच हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळ देतो. पावित्र्य धातूत असते तर हळकुंडाला ते कधीच मिळाले नसते. मळ्यातल्या चाळीत हळकुंड कोणी आणले, दोरा कोणी हळदीत बुडवला, गाठ कोणासमोर बसली, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक असते. तिथे मूस नाही, पण पाहणे आहे. त्याच मलायातल्या मलाक्क्यात एका गल्लीचे नावच जालान तुकांग एमास, म्हणजे सोनारआळी. तिथे १७८१ चे गणपतीचे देऊळ उभे आहे, डचांनी चिट्टींना, म्हणजे तिथल्या जुन्या तमिळ व्यापारी समाजाला, दिलेल्या जागेवर. पण त्या गल्लीतल्या चिट्टी व्यापाऱ्याची सोन्याची ताली आणि मळ्यातल्या मजूर बाईचे हळकुंड यांच्यात फरक वजनाचा आहे, अर्थाचा नाही.

याच कसोटीवर आजच्या परदेशी प्रघाताला मात्र मला दोष द्यावा लागतो. पुष्कळदा ताली-कोडी तयारच विकत घेतात. नाणे वितळवतात ते विधी म्हणून, आणि त्या सोन्याचा तालीशी संबंध उरतोच असे नाही. समर्थन असे की धर्मात पर्याय चालतो. चालतो हे खरे. मीमांसकांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा येते: सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका वापरावी, एका धान्याऐवजी दुसरे चालावे. पण तिथेच असेही ठरवले आहे की द्रव्याला प्रतिनिधी आहे, क्रियेला नाही. हा विवेक इथे नेमका लागू पडतो. सॉव्हरिन नाही तर सोन्याची चीप घ्या, आजीची जुनी बांगडी घ्या. कोळसा नाही तर गॅसची बत्ती घ्या. पण ‘जी ताली होणार ते सोने सर्वांसमोर वितळणे’ ही क्रिया आहे, आणि तिच्याऐवजी ‘कुठलेतरी सोने वितळणे’ ठेवले तर पर्याय दिला असे होत नाही, क्रियाच गेली. माझे मत स्पष्ट आहे: अकरा पवुनांची साखळी दुकानातून आणा हवी तर, पण मुशीतली गोळी निदान तालीच्या पदकात गेलीच पाहिजे. एवढे करणे टोरांटोतल्या सोनाराला अवघड नाही, त्याला एक आठवडा आधी सांगावे लागते इतकेच.

सर्वांत मुळावर येणारा आक्षेप तमिळ समाजसुधारक पेरियारांचा. ताली ही बाईच्या गळ्यातली दावण आहे, नवऱ्याच्या गळ्यात काही नाही, मग तिच्या जन्माचा सोहळा कशाला? पेरियार १९२९ मध्ये मलायात गेले आणि त्यांचा स्वाभिमानाचा विचार तिथल्या तमिळांत रुजला, तेव्हा हा परदेशातल्या तमिळांचाही घरचाच वाद आहे. इतिहासही त्यांच्या बाजूने थोडा झुकतो: संगम काळच्या ‘अकनानूरु’तल्या ८६ आणि १३६ क्रमांकांच्या कवितांत लग्नाचे सविस्तर वर्णन आहे, पण ताली बांधल्याचा उल्लेख नाही. ताली सनातन नाही हे मी मान्य करतो. नवरा मेल्यावर ती काढून घेण्याच्या प्रथेने बाईला जे सोसावे लागले त्याचे समर्थन कुठल्याच तत्त्वज्ञानाने होणार नाही. पण पेरियारांनी पुढे आणलेल्या स्वाभिमान विवाहातून काय उरले ते पाहावे. मद्रासच्या सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातले आणि स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. त्यात भटजी नको, होम नको. हार घातला, अंगठी घातली किंवा ताली बांधली, काहीही चालते. पण हे नातेवाईक, मित्र किंवा इतर व्यक्तींच्या समक्ष व्हायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा विवाह जाहीर समारंभातच झाला पाहिजे असे नाही हे स्पष्ट केले, तरी समक्ष कोणीतरी असणे सुटले नाही. ज्यांनी देव काढला, मंत्र काढला, सोनेही ऐच्छिक केले, त्यांनाही साक्ष काढता आली नाही. आस्तिक आणि नास्तिक दोघांनी ती ठेवली, कारण लग्नाचा शेवटचा टेकू तोच आहे.

पेरियारांच्या टीकेतला सोन्याच्या वजनाचा भाग तर मला पूर्ण पटतो. ताली-कोडी विषम पवुनांची करण्याची रीत आहे, आणि नऊचे अकरा, अकराचे पंधरा होताना घरे कर्जात जातात. सीदनमची, म्हणजे हुंड्याची, बोलणी शेजारच्या खोलीत चालू असताना पुढच्या खोलीत मूस तापत असते. जाफन्याचा रूढिकायदा, तेसवळमै, डचांनी १७०७ च्या सुमारास लिहून काढला. त्यात सीदनम ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. म्हणजे मूळ रचनेत सोने बाईच्या हाती राहावे असा हेतू होता, आणि तोच तिच्या कुटुंबावरचा बोजा झाला. मग युद्ध आले. १९९० च्या सुमारास तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईने, घराघरांतून दोन-दोन पवुन सोने मागून घेतले. दलालाला पैसे देऊन मुलांना बाहेर पाठवायला बायकांनी बांगड्या विकल्या. स्कारबरोतल्या कितीतरी घरांचा पाया त्या विकलेल्या सोन्यावर आहे. जिथे सोने इतक्या हातांनी हिसकावले गेले, तिथे एक नाणे सगळ्यांसमोर, कोणाच्या धाकाविना मुशीत पडते, याला मी निव्वळ प्रथा म्हणू शकत नाही.

एक गोष्ट या सगळ्या विचारात राहून जाते आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. तालीचे वितळणे दोनदा होते. आपण मंगळसूत्र तुटले म्हणत नाही, वाढले म्हणतो. शेवटाचे नाव घ्यायला जीभ कचरते. तमिळांचेही फार वेगळे नसावे, कारण ताली मुशीतून कशी येते याचा विधी आहे आणि मुशीत परत कशी जाते याचा नाही. बाई जाते, मुले वाटणी करतात, जुनी ताली-कोडी कोलंबोच्या सी स्ट्रीटवर किंवा लंडनच्या पेढीवर मोडीत जाते. काट्यावर वजन होते, तूट धरतात, भाव लावतात आणि ते सोने दुसऱ्या शंभर दागिन्यांबरोबर गाळणीच्या भट्टीत मिसळते. तिथे समई नाही, हळदीचा गणपती नाही, तबक फिरवणारे कोणी नाही. जन्म पाहण्यात पावित्र्य आहे असे म्हणायचे तर मरण न पाहता कसे सोडायचे? त्या बाईच्या लेकी-सुनांनी, नातवंडांनी एकदा सोनाराला घरी बोलावून, तिच्या साखळीचा पुन्हा थेंब होताना पाहावा आणि त्याची वळी करून वाटून घ्यावीत. शास्त्रात हे कुठे सांगितलेले नाही. पण पोन्नुरुक्कुही वेदात नाही. जाफन्याच्या कुठल्यातरी अंगणात कोणीतरी पहिल्यांदा ठरवले की हे एकट्या सोनाराने पाहून चालणार नाही, सगळ्यांना बोलवा.